गेम ऑफ थ्रोन्सचा शेवट: युद्ध झालं, पण स्त्रीपर्व कुठे गेलं?

सांजवेळ (धागाकर्ती)

शेवटापर्यंतचं सगळं लिहिलंय, त्यामुळे ज्यांना मालिका अजून बघायची आहे त्यांनी कृपया पुढे वाचू नका.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली आहे. गेला दीड महिना रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी गेम ऑफ थ्रोन्स ही एचबीओ या अमेरिकी वाहिनीची मालिका लावतो. तिची पहिली वेळ, माझी तिसरी. परवा आठव्या सीझनचा पाचवा भाग लावला. घंटा वाजायला लागतात, सैनिक तलवारी खाली टाकतात, शहर शरण आलेलं असतं. सिंहासनावर हक्क सांगायला आलेली राणी डेनेरिस तटावर ड्रोगॉन या आपल्या ड्रॅगनच्या पाठीवर बसून लांबच्या राजवाड्याकडे बघते, तिचा चेहरा पिळवटतो, आणि ती उडते ती थेट गल्ल्या जाळत सुटते. भाचीने रिमोट उचलून चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळली. "मावशी, मधला एखादा भाग राहिला का गं आपला?"

नाही म्हटलं. तिचा विश्वास बसेना. भागांची यादी उघडून तिने स्वतः मोजले. सहा भाग, आपण पाचव्यावर. मग काही न बोलता तिने पुढे लावलं.

मला त्या रात्री लवकर झोप लागली नाही. २०१९ मध्ये आपण सगळे महिनाभर जे सांगायचा प्रयत्न करत होतो, ते या मुलीने एका वाक्यात सांगितलं होतं.

आठवतात का ते दिवस? अमेरिकेत रविवारी रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा. कामावर जायच्या आत बघितलं नाही तर दिवसभर फोनला हात लावायची सोय नाही. तिसरा भाग, म्हणजे विंटरफेलची रात्रीची लढाई, आपल्याकडे आली २९ एप्रिलला. त्या दिवशी आमच्या डोंबिवलीत लोकसभेचं मतदान, त्यामुळे सुट्टी. मी आणि भाऊ पहाटे उठून बसलो. पडद्यावर इतका काळोख की पहिल्या पाच मिनिटांतच उठून खिडकीला जाड चादर बांधावी लागली. डेनेरिसच्या दोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटलेल्या तलवारी दूर अंधारात एकेक करून विझत गेल्या तेव्हा भावाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ८२ मिनिटांचा भाग, त्यासाठी ५५ रात्री उत्तर आयर्लंडच्या थंडीत चित्रीकरण केलेलं. अंधाराबद्दल लोक चिडले, पण त्या तलवारी विझण्याचं दृश्य मी अजून विसरलेले नाही. म्हणजे मेहनतीत कोणी कसूर केली असं मी कधीच म्हणणार नाही.

डेनेरिस शहर जाळते हे मला पटू शकतं. तिच्या बापाचं, म्हणजे वेड्या राजाचं, रक्त, एकेक करून गेलेली माणसं, परक्या देशात कोणाचं प्रेम नाही, हे सगळं आहेच. पण आधीच्या डेनेरिसला मी आठ वर्षं बघत आले होते. अस्तापोर या गुलामांच्या बाजाराच्या शहरात ती अनसलीड या गुलाम सैनिकांना हुकूम देते की चाबूक हातात असलेल्या प्रत्येकाला मारा, पण एकाही लेकराला हात लावू नका. चौथ्या सीझनच्या शेवटी एक धनगर तिच्या दरबारात येतो, फडक्याची गाठोडी जमिनीवर ठेवतो आणि उलगडतो. आत त्याच्या तीन वर्षांच्या मुलीची जळकी हाडं. ड्रोगॉनने जाळलेली. ड्रोगॉन हाती लागत नाही, म्हणून ती उरलेल्या दोन ड्रॅगनना स्वतः तळघरात नेऊन गळ्यात साखळदंड घालते. ते तिच्यामागे रडतात आणि ती मागे न बघता दगडी दार लोटून घेते. हीच बाई घंटा वाजत असताना लेकरांवर आग ओकते. इथून तिथपर्यंत जायला पायऱ्या हव्यात, आणि त्या मला दाखवायला हव्यात. पहिले सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे, मग सात, मग सहा. पायऱ्या त्या कापलेल्या भागांत गेल्या.

आता मला खरं म्हणायचंय ते.

महाभारतात सौप्तिकपर्वात झोपलेल्या माणसांची रात्री कत्तल होते आणि तिथे युद्ध संपतं. ते दहावं पर्व. त्यानंतर अजून आठ पर्वं आहेत! अकरावं स्त्रीपर्व. गांधारी रणभूमीवर येते, एकेका प्रेतापाशी थांबते, गिधाडं हाकलणाऱ्या सुनांकडे कृष्णाचं लक्ष वेधते, आणि शेवटी त्यालाच शाप देते. पुढे शांतिपर्व, सगळ्यांत मोठं, कारण युधिष्ठिराला रक्ताने मिळालेलं राज्य नको झालेलं असतं. आमची आजी दुपारी मोठ्याने वाचायची तेव्हा लढाई संपल्यावर मी खेळायला पळायचे. आता कळतं की आजीचा आवाज तिथेच का जड व्हायचा.

किंग्ज लँडिंगचं, म्हणजे डेनेरिसने जाळलेल्या त्या राजधानीचं, स्त्रीपर्व कुठे आहे? पाचव्या भागात एक आई आणि तिची लहान मुलगी आहेत. मुलीच्या हातात लाकडी घोडा. आर्या ही तरुण लढवय्यी त्यांना वाचवायला बघते, जमत नाही. नंतर दोघी कोळसा होऊन एकमेकींना बिलगलेल्या दिसतात आणि मुलीच्या मुठीत तो घोडा तसाच, काळा पडलेला. हे दृश्य मी तिन्ही वेळा नीट बघू शकले नाही. शेवटच्या भागात डेनेरिसचा सल्लागार टिरियन राखेतून चालत येतो, अंगाची सालटं निघालेला एक माणूस त्याच्या शेजारून निघून जातो. इतकंच. मग भाषण, मग डेनेरिसचा मृत्यू, मग ड्रोगॉन सिंहासन वितळवतो, आणि पुढे काही आठवड्यांनी सरदार सावलीत बसून राजा निवडतात. त्या सभेत जळालेल्या शहराच्या वतीने बोलायला कोणी नाही. त्यानंतरच्या दरबारात जहाजं, गटारं आणि कुंटणखाने यांवर गप्पा होतात, हशाही होतो.

माझ्या मनाला लागलेलं आहे ते हे. राजा कोण झाला हा प्रश्न मला छोटा वाटतो.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही शेवट पहिल्यांदा बघितलात तेव्हा काय वाटलं होतं, आज काय वाटतं, तेही लिहा.

---

डोंगरवाट

लेख मनापासून लिहिलाय, पण मला यातला पहिला भाग पटत नाही.

पायऱ्या होत्या. आपण तिच्या प्रेमात होतो म्हणून त्या मोजल्या नाहीत. पहिल्या सीझनमध्ये सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जातं तेव्हा ती पापणी हलवत नाही. मिरी माझ दूर या मांत्रिक बाईला चितेवर बांधून जिवंत जाळते. कार्थच्या वेशीवर आत घेतलं नाही तर शहरं जाळून टाकीन अशी धमकी देते, आणि तिथून निघताना झारो या व्यापाऱ्याला आणि स्वतःच्या दासीला रिकाम्या तिजोरीत कोंडून जाते. मीरीनमध्ये गुलामांच्या १६३ मालकांना खांबांवर ठोकते, त्यातला प्रत्येक जण दोषी होता का हे विचारत नाही. पुढे एका मालकाला ड्रॅगनपुढे टाकते. टार्ली बाप-लेकाला जाळते तेव्हा टिरियनचा चेहरा बघा.

प्रत्येक वेळी आपण टाळ्या वाजवल्या. शेवटच्या भागात टिरियन तिच्या प्रियकराला, जॉनला, कोठडीत हेच समजावून सांगतो: ती वाईट माणसांना मारत गेली, आपण वाहवा करत गेलो, आणि तिची खात्री पक्की होत गेली की आपण करू तेच योग्य. तो प्रसंग मला या मालिकेतला सगळ्यांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. आपलीही चूक तो आपल्या पदरात घालतो, म्हणून तो टोचतो.

---

सांजवेळ

@डोंगरवाट, यादी बरोबर आहे, आणि टाळ्या मीही वाजवल्या, हे कबूल.

पण यादीतलं प्रत्येक माणूस बघा. तिच्या नजरेत त्याने काहीतरी केलेलं होतं. चाबूक धरला होता, फसवलं होतं, गुडघा टेकायला नकार दिला होता. गल्लीतल्या मुलीने काय केलं होतं? दोषी माणसाला क्रूर शिक्षा देणं आणि निर्दोष माणूस डोळ्यांना दिसेनासा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यापासून दुसरीपर्यंत माणूस जातो, जगात असे कित्येक राज्यकर्ते होऊन गेले. कसा जातो ते मला बघायचं होतं. टिरियनने कोठडीत बसून ते तोंडी सांगितलं. सांगितलं म्हणजे दाखवलं असं होत नाही ना.

---

पिंपळपान

अनुमोदन, सांजवेळ. स्त्रीपर्वाचं वाचून अंगावर काटा आला.

---

रातकिडा

मी जेमीसाठी, म्हणजे टिरियनच्या थोरल्या भावासाठी, रडलो होतो आणि आजही त्याच्याबद्दल शांतपणे बोलता येत नाही. डेनेरिसबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी जेमीबद्दल लिहितो.

तिसऱ्या सीझनचा पाचवा भाग. हॅरनहालच्या हमामात जेमी आणि ब्रिएन ही लढवय्यी बाई. त्याचा हात नुकताच तोडलेला, ताप आहे, पाण्याची वाफ. तिथे तो आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगतो. वेड्या राजाने शहराखाली जागोजागी वाइल्डफायर या हिरव्या ज्वालाग्राही द्रवाचे साठे दडवले होते आणि सगळ्यांना जाळायचा हुकूम दिला होता. म्हणून जेमीने आपल्या राजाच्या पाठीत तलवार खुपसली. पाच लाख माणसं वाचली, आणि त्याला जन्मभर राजहत्यारा हे नाव मिळालं. कोणाला खरं कारण कधी सांगितलं नाही.

आता आठव्या सीझनचा पाचवा भाग लावा आणि आग नीट बघा. ड्रॅगनच्या लाल-पिवळ्या आगीत मध्येच हिरवे स्फोट होतात. ते त्याच राजाचे साठे! ज्या माणसाने हे शहर वाचवायला आपलं नाव काळं करून घेतलं, तो त्या दिवशी त्याच शहरात आहे. त्याच्या डोक्यावर तेच हिरवं वाइल्डफायर फुटतंय. आणि लेखकांनी त्याला काय दिलं? तो टिरियनला सांगतो की लोकांची मला कधीच फारशी पर्वा नव्हती, निर्दोष असोत की नसोत.

राणी सर्सीकडे, आपल्या जुळ्या बहिणीकडे आणि प्रेयसीकडे, परत जाणं मला पटतं. व्यसन सुटलेला माणूस परत जातो, हे आपण घराघरांत बघतो. तो तिच्या मिठीत मेला, तेही चालेल. पण तो हिरवा जाळ त्याला एकदा तरी दिसायला हवा होता. तो एका क्षणासाठी थांबायला हवा होता. बस, एवढंच मागणं होतं. ते कोणालाच सुचलं नाही, की सुचूनही वेळ नव्हता, मला माहीत नाही.

---

नीलमोहर

रातकिडा, हिरव्या आगीचं मी कधी असं जोडून बघितलंच नव्हतं. आज परत बघते.

मी मूळ पुस्तकं वाचलेली आहेत, म्हणून थोडं त्या अंगाने. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक १९९६ मधलं, पाचवं २०११ मध्ये, मालिका सुरू झाली त्याच वर्षी. सहावं अजून यायचं आहे. म्हणजे मालिकेने पाचव्या-सहाव्या सीझनच्या आसपास छापील वाट सोडली आणि पुढे फक्त मुक्काम माहीत, वाट माहीत नाही, अशी अवस्था झाली. मालिकेचे निर्माते बेनिऑफ आणि वाइस यांना मार्टिन यांनी मोठ्या घटना सांगितल्या होत्या. अपंग ब्रॅनला पाठीवर वाहणाऱ्या होडोरच्या नावाचा उलगडा त्यातलाच. शेवटी ब्रॅन राजा होणं हेही मार्टिन यांच्याकडूनच आलेलं आहे असं ब्रॅन साकारणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइटने सांगितलंय.

पण पुस्तकात एक मुलगा आहे जो मालिकेत आलाच नाही. एगॉन, डेनेरिसच्या थोरल्या भावाचा मुलगा म्हणून वाढवलेला. तो पाचव्या पुस्तकात सैन्य घेऊन वेस्टरॉसला, म्हणजे ते सिंहासन असलेल्या भूमीवर, उतरतोसुद्धा. तो खरा आहे की तोतया हे वाचकांना ठाऊक नाही. समजा तिच्याआधी तो राजधानीत पोचला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग डेनेरिस येते तेव्हा तिच्यापुढे लोकांना आवडणारा राजा असेल, सर्सी नाही. त्या स्थितीत तिचं मन कसं फिरेल याचा विचार करा. हा माझा अंदाज आहे, पण मालिकेत जी पायरी सापडत नाही ती इथे असू शकते.

आणि घंटा! एगॉनला सांभाळणारा जॉन कॉनिंग्टन जुन्या लढाईच्या आठवणीने जळत असतो. बंडखोर रॉबर्ट एका गावात लपला होता, कॉनिंग्टन घरोघर शोधत बसला, तेवढ्यात गावात घंटा वाजल्या, मदत आली आणि तो हरला. जेमीचा निर्दयी बाप टायविन असता तर त्याने माणसांसकट गाव जाळलं असतं आणि लढाई जिंकली असती, हे शल्य त्याला आयुष्यभर पुरतं. घंटा, शहर, जाळायचं की नाही. मार्टिन यांनी हे बी कधीच पेरून ठेवलंय. मालिकेत फक्त घंटा आल्या, त्यामागची वीस वर्षांची तगमग आली नाही.

---

बोरूबहाद्दर

नीलमोहर, उत्तम प्रतिसाद.

मला राग येतो तो घाईचा. एचबीओची आणखी भाग करायची तयारी होती. शेवटच्या दोन सीझनमध्ये मिळून तेरा भागांत संपवायचं हे निर्मात्यांनी ठरवलं. कथा सांगणाऱ्याने कुठे थांबायचं हा त्याचा हक्क मी मानतो. पण मग तेरा भागांत मावेल तेवढंच घ्यायचं होतं. चौथ्या भागात सर्सीच्या बाजूच्या यूरॉनचं आरमार खडकाआडून येऊन डेनेरिसच्या रेगल या ड्रॅगनला पाडतं. ड्रॅगनवर बसलेल्या माणसाला आकाशातून जहाजं दिसत नाहीत? त्यावर भागानंतरच्या चित्रफितीत बेनिऑफ सांगतात की डेनेरिस जवळजवळ विसरलीच होती त्या आरमाराबद्दल. त्याच्या आधीच्याच चर्चेत तिच्यासमोर त्या आरमाराचा विषय झालेला असतो! त्याच भागात टेबलावर कॉफीचा कप राहिला. कपाचं मी मनावर घेत नाही, चित्रीकरणात चुका होतात आणि तो त्यांनी नंतर पुसलाही. लेखनातली चूक पुसता येत नाही.

तरी दुसरी बाजूही मांडतो. शेवट आला त्या रात्री अमेरिकेत १ कोटी ९३ लाख लोकांनी तो बघितला, एचबीओचा तोवरचा विक्रम. आठवा सीझन नव्याने लिहा म्हणून जी ऑनलाइन याचिका निघाली तिच्यावर १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्याच वर्षी एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची ३२ नामांकनं, १२ पुरस्कार, त्यात सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा. मी स्वतः ती सही केली नव्हती. सान्सा साकारणारी सोफी टर्नर म्हणाली होती की एवढ्या माणसांच्या मेहनतीचा हा अनादर आहे, ते मला पटलं होतं. नाराज होणं वेगळं, पुन्हा करून द्या म्हणणं वेगळं.

---

अबोली

दोन गोष्टी.

एक, मिसान्डे. लहानपणी गुलाम म्हणून विकलेली, एकोणीस भाषा येणारी, डेनेरिसमुळे मोकळी झालेली मुलगी. तिला परत साखळदंडात उभं करून मारलं, आणि तेही डेनेरिसला राग यावा एवढ्यासाठी. संपूर्ण मालिकेत महत्त्वाची अशी कृष्णवर्णीय स्त्री ती एकटीच होती. तिचं मरण दुसऱ्याच्या कथेतलं सरपण झालं. धागाकर्तीने विचारलेल्या स्त्रीपर्वाची सुरुवात मला इथून करावीशी वाटते. तिचा प्रियकर, अनसलीडचा सेनापती ग्रे वर्म, तिच्या बेटावर, नाथला, तिच्याशिवाय जातो. त्या जहाजावर त्याच्याबरोबर दोन मिनिटं तरी थांबायला हवं होतं.

दुसरी गोष्ट डेनेरिस साकारणाऱ्या एमिलिया क्लार्कबद्दल. २०१९ च्या मार्चमध्ये, शेवटचा सीझन यायच्या जेमतेम महिनाभर आधी, तिने लिहून सांगितलं की मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांतच तिच्या मेंदूत दोनदा रक्तस्राव झाला होता, शस्त्रक्रिया झाल्या, एका काळात स्वतःचं नाव आठवत नव्हतं. त्या अवस्थेतून उठून ती परत ड्रॅगनवर बसली. लेखनावर सगळ्यांत जास्त चिडलेल्या चाहत्यांनीच त्या मे महिन्यात तिच्या संस्थेसाठी वर्गणी जमवली. मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्यांसाठी ती संस्था आहे. माझ्या आईला पक्षाघात झाला त्या वर्षी मी हे वाचलं होतं. त्यामुळे शेवटच्या भागात ती चालत पुढे येते, मागे ड्रोगॉनचे पंख उघडतात आणि ते तिचेच पंख वाटतात, तेव्हा मला ती राणी दिसत नाही. वाचा गेलेली आणि परत मिळवलेली मुलगी दिसते, आणि ती परक्या, रचलेल्या भाषेत अख्खं भाषण अडखळल्याशिवाय करते.

---

चकवा

अबोलीताई, आईंची तब्येत आता कशी आहे?

---

अबोली

चालतात आता काठी घेऊन, बोलणंही बऱ्यापैकी परत आलंय. विचारलंत, बरं वाटलं.

---

परदेशी_पाखरू

मी काही वर्षं बेलफास्टला होतो. टायटॅनिक जिथे बांधलं त्याच गोदीतल्या स्टुडिओत या मालिकेचं मोठं काम झालं. आमच्या घरमालकीणबाईंचा भाचा तिथे सुतारकाम करायचा. तो काही सांगायचा नाही, करारच तसा होता. पण शेवटच्या सीझनच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की रात्रपाळी चालू आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात अल्स्टर म्युझियममध्ये मी तो पट बघितला. संपूर्ण मालिकेची गोष्ट लिननच्या कापडावर विणून वर भरतकाम केलेली, ८० मीटरहून लांब. लोक पहिल्या सीझनपासून सावकाश चालत जातात, बोटं दाखवतात, हसतात. शेवटाकडे आल्यावर आवाज कमी होतो. तिथे जळतं शहर आहे, लाल आणि केशरी धाग्यांत. माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजी तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. बेलफास्टने स्वतः तीस वर्षं स्फोट आणि जाळपोळ सोसलेली आहे. त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, पुढे चल. मी त्यांना काही विचारलं नाही, विचारणं बरंही दिसलं नसतं.

सांजवेळ, तुमचा लेख वाचताना त्या आजी आठवल्या.

---

पिंपळपान

ब्रॅनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. टिरियन म्हणतो की माणसांना एकत्र बांधतात त्या गोष्टी, आणि ब्रॅनसारखी गोष्ट कोणाची आहे? हे मला पहिल्या वेळी अजिबात पटलं नव्हतं. पाचव्या सीझनमध्ये तर तो दिसलाच नाही. त्याच्या बहिणींच्या, आर्याची गोष्ट, सान्साची गोष्ट, कितीतरी मोठ्या.

आता वाटतं, तो सगळ्यांच्या गोष्टी लक्षात ठेवतो म्हणून राजा, असं त्यांना म्हणायचं असावं. तसं असेल तर त्याचा उपयोग नेमका सांजवेळ म्हणतात त्या जागी होता. जळालेल्या प्रत्येकाचं नाव फक्त ब्रॅनला सांगता आलं असतं. त्याला त्या राखेत त्याच्या चाकाच्या खुर्चीवर बसवून एकेक नाव घेऊ द्यायचं. पाच मिनिटं. तो राजा का, हे कोणाला वेगळं समजवावं लागलं नसतं.

---

रातकिडा

पिंपळपान, हे त्यांनी करायला हवं होतं. खरंच करायला हवं होतं.

---

डोंगरवाट

दोन दिवस धागा वाचतोय. माझं मत डेनेरिसबद्दल तेच आहे, पायऱ्या होत्या. पण पिंपळपान यांचा प्रतिसाद वाचल्यावर दुसऱ्या भागाबद्दल मी सांजवेळ यांच्या बाजूने आलो.

एक मात्र राहून गेलं. शोक अजिबात नाही असं नाही. ब्रिएन श्वेतग्रंथ, म्हणजे राजरक्षकांच्या पराक्रमांची नोंदवही, उघडते, जेमीचं अर्धवट पान काढते आणि एकेक ओळ लिहीत जाते. शेवटी लिहिते की तो आपल्या राणीचं रक्षण करताना गेला. लिहून झाल्यावर क्षणभर थांबते. तिने स्वतःचं दुःख एका शब्दानेही त्यात येऊ दिलेलं नाही. ग्वेन्डोलिन क्रिस्टीने जबड्याचा एक स्नायू हलवून तेवढं सगळं केलंय. रातकिडा, जेमीला न्याय कुठे मिळाला असेल तर तो तिथे.

---

नीलमोहर

तो प्रसंग आणि दुसऱ्या भागात जेमी तिला नाइट करतो तो प्रसंग, एकापाठोपाठ बघा. तिथे त्याने तिला नाव दिलं, इथे तिने त्याचं पुसलं गेलेलं नाव परत लिहिलं. दुसरा भाग ब्रायन कॉगमनने लिहिलेला, तो या मंडळींबरोबर पहिल्या सीझनपासून होता. शेकोटीभोवती बसून सकाळी मरायचं आहे हे माहीत असलेल्या माणसांच्या गप्पा. आठव्या सीझनमध्ये मला काही जपून ठेवायचं असेल तर हा एक भाग.

---

सांजवेळ

सगळ्यांचे प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. काल आम्ही शेवटचा भाग बघितला.

जॉन आपल्या लांडग्याला, घोस्टला, कुरवाळतो तिथे ती रडली. चौथ्या भागात तो त्याला हात न लावता निघून गेला होता, तेव्हापासून ती जॉनवर रुसलेली होती. सान्साच्या राज्याभिषेकाला ताठ बसली. सरदारांच्या सभेत जॉनचा मित्र सॅमवेल म्हणतो की राजा सगळ्या जनतेने निवडावा आणि बाकीचे हसतात, तिथे तिने विचारलं, "मावशी, हसले का गं?" मी सांगायला लागले आणि मला नीट सांगता येईना. बाबा शेजारच्या खोलीतून ऐकत होते, तेही गप्प राहिले.

ब्रिएन पुस्तक उघडते तेव्हा मी डोंगरवाट यांचा प्रतिसाद मनात धरून बघितलं. तुमचं बरोबर आहे. मी दोन्ही वेळा तो प्रसंग घाईत बघितला होता, कारण माझा राग अजून उतरलेला नव्हता.

संपल्यावर भाची म्हणाली, रातकिडा लिहितात तो हमामातला प्रसंग परत लाव. साडेबारा वाजून गेले होते. तिसरा सीझन, पाचवा भाग. जेमी सगळं सांगून होतो, भोवळ येऊन पडतो, ब्रिएन त्याला धरून राजहत्याऱ्याला मदत करा म्हणून ओरडते, आणि तो पुटपुटतो की माझं नाव जेमी. भाचीने तो प्रसंग दोनदा लावला. मग उठून आजीच्या कपाटातून स्त्रीपर्वाचा खंड काढून घेऊन गेली. परवा तिची गाडी आहे, सोबत नेऊ का म्हणून विचारतेय.